जुना किल्ला नव्या यंत्रावर चढविल्याची हकीकत

॥ श्री ॥ गजाननास नमन, विजेस नमन, आणि जें यंत्र काल चाललें तें आज चालेलच ऐसें नाहीं, त्यासही दुरूनच नमन असो. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरीं, मार्गशीर्षमासीं एका राज्यांत वर्तमान जाहलें तें ऐसें जे, कैलासवासी महाराजांस संगणकावरील किल्लेबांधणीच्या खेळाचा भारी नाद होता. बारा वर्षें एकच डाव मांडून एकच किल्ला बांधीत, शत्रू येई आणि पाडी, आणि मग पुन्हा बांधीत. बाईसाहेबांस हांक मारीत, "अहो, एकदां पाहा तरी!" आणि बाईसाहेब म्हणत, "पोरखेळ मेला. सवडीनें पाहूं." ती सवड जाहली नाहीं. महाराज निवर्तले, आणि वर्षश्राद्ध जवळ येतां बाईसाहेबांचे मनीं आलें कीं तो किल्ला एकवार डोळां पाहावा.

मग आबाजी नारो यंत्रनीस यांस बोलावणें गेलें. पंतांचें वय सत्तावन्न, गुडघे धरलेले, दरबारचीं यंत्रें सांभाळतां जीव मेटाकुटीस आलेला. महाराजांचें जुनें यंत्र मोडीत निघालें होतें, आणि नव्या यंत्रावर नवी कार्यप्रणाली आली होती, ती जुन्या खेळास ओळखच देईना. खेळ उघडावा तों पडदा काळा होई आणि पाटी येई कीं प्रोग्राम बंद पडला आहे. पंतांनीं खेळास जुन्या प्रणालीचा आभास दिला, तरी बंद पडला. मग प्रशासकाचे अधिकार दिले, रंग कमी केले, पडदा लहान केला, तरी बंद पडला. मग इंटरनेटवरील जाणत्यांस विचारलें, तों एकानें उत्तर धाडिलें, "माझ्याकडे चालतो," आणि गप्प जाहला. पंतांस रडूं यावयाचें तेवढें राहिलें. अखेर एकोणिसावे दिवशीं नव्या यंत्राचे पोटांत जुनी प्रणाली वसविली, महाराजांचा डाव जुन्या यंत्रांतून उचलून तींत ठेविला, आणि खेळ उघडला. डावाची नक्कल करावयाची राहिली. शीण, दुसरें काय.

मग दरबार भरला. या दरबारीं रीत ऐसी जे, बाईसाहेबांसमक्ष कोणत्याही प्रश्नास नकार देऊं नये. आणि पहिलें बटण दाबण्याचा मान फडणिसांचा. पंत मुजऱ्यास वांकले, गुडघ्यांमुळें त्यांस लवकर उठवेना, तों फडणिसांनीं पहिलें बटण दाबिलें आणि पडद्यावर पाटी आली: नवा डाव सुरू केल्यास जुना पुसला जाईल, चालेल काय? फडणिसांनीं रिवाजाप्रमाणें अदबीनें 'होय' दाबिलें.

पडद्यावर हिरवें माळरान आलें, दुसरें कांहींच नाहीं. बाईसाहेबांनीं विचारलें, "किल्ला कोठें आहे?" फडणीस म्हणाले, "येतोच आहे, सरकार." पंत कसेबसे उठले आणि म्हणाले, "गेला, सरकार. परत यावयाचा नाहीं. चूक माझी." दरबार गारठला. बाईसाहेब पंतांकडे वळल्या. मग म्हणाल्या, "आबाजीपंत, तुम्हीं पाहिला होता?"

"जी. शेजारीं बसत असें."

"मग सांगा."

मग पंत सांगते जाहले. तट सात, विहिरी दोन, उत्तरेचा बुरूज वांकडा. जें आठवेना तें आठवत नाहीं म्हणाले. "आणि पश्चिमेस एक दरवाजा होता, सरकार. तो महाराज कधीं लावीत नसत. दर खेपेस शत्रू तेथूनच शिरे आणि किल्ला पडे. मी शंभरदां म्हटलें, दरवाजा लावा, डाव जिंकाल. तर म्हणत, राहूं द्या, आमच्या बाईसाहेब पाहावयास येणार आहेत."

बाईसाहेबांनीं पदर डोळ्यांस लाविला, आणि दरबार न सांगतां उठला.

येणेंप्रमाणें हकीकत जाहली. तो खेळ आतां नव्या यंत्रावर सुरळीत चालतो. कोणी खेळत नाहीं.