डाव्या कोपऱ्यावर थोरले जावई नामजाद जाहले त्याची हकिगत

श्रीखांबलिंगेश्वर समर्थ. मुरबाड परगण्यातील मौजे पळसपाडा येथील कबड्डीच्या फौजेचा डावा कोपरा कैसा ढासळला, मग मसलत होऊन मोकळे वीर कोठकोठून धुंडाळले, आणि सरतेशेवटी कोणास कोपऱ्यावर उभे केले, ही हकिगत ऐकणारांनी मोबाईल खिशात घालून सावधचित्ते ऐकावी. आम्ही पदरचे काही घातले नाही. थोडे घातले असेल तर ते चवीपुरते, आणि त्यावाचून ऐकलेही कोणी नसते.

या फौजेचे कारभारी धाकलूजी. तरुणपणी हे स्वतः डावा कोपरा लढवीत, आणि त्यांच्या पंजात चढाईवाल्याचा घोटा सापडला की तो गडी पुढे भाताच्या आवणीला बांधावर बसून राही, आणि त्याची बायको धाकलूजींच्या नावाने बोटे मोडी. आता गुडघे थकले, परंतु जीभ थकली नाही. सकाळी म्हैस पिळावी, भाताच्या खळ्यावर नजर फिरवावी, आणि संध्याकाळी मैदानाच्या कडेस बसून पोरांना शिव्या घालाव्या, ऐसा त्यांचा नित्यक्रम. सारा गाव त्यांना टरके. फक्त त्यांचे कुटुंब सकुबाईसाहेब टरकत नसत.

गतसाली दोन तालुक्यांच्या चषकाचे अखेरचे युद्ध शहापूरकडील जांभूळखिंडकरांशी जुंपले. त्यांचा चढाईवाला संदेशराव मोठा चपळ, पायात वारे भरलेला गडी. आणि तोच धाकलूजींचा धाकटा जावई, स्नेहलचा नवरा. गुण बरोबरीत आले, शेवटची चढाई राहिली, संदेशराव 'कबड्डी कबड्डी' घुमवीत पळसपाड्याच्या हद्दीत शिरले, आणि डाव्या कोपऱ्यावर धाकलूजींचे चिरंजीव सुनिलराव यांनी झडप घालून त्यांचा घोटा असा धरला की बापाने मिशीवर हात ठेवला. इतक्यात बायकांच्या गोटातून सकुबाईसाहेब उभ्या राहिल्या आणि त्यांचा हुकूम साऱ्या मैदानावर गाजला:

"सुनिल, मेल्या, सोड! लग्नात धुतलेला पाय हाय तो!"

आणि सुनिलरावांनी सोडला. काय करील बिचारा? त्या पायावर पाणी त्यानेच ओतले होते. मेहुण्याचा हक्क जावयाच्या कानावर. तो कान सुनिलरावांनी मांडवात यथासांग पिळून पँट-शर्टचे कापड वसूलही केले होते. परंतु पायावर मेहुण्याचा हक्क कोणत्याही शास्त्रात नाही. संदेशराव हसत हसत मध्यरेषा ओलांडून गेले, चषक जांभूळखिंडीस गेला, आणि धाकलूजी तीन सांजा जेवले नाहीत. चौथ्या सांजेस सुकटीची चटणी होती म्हणून जेवले.

मग यंदा पौषात, म्हसा गावची खांबलिंगेश्वराची जत्रा उरकल्यावर, मारुतीच्या पारावर खलबत बसले. फौजेचे कप्तान जयरामराव यांनी अर्ज गुजारला की आपणांस चढाईवाले उदंड, सारे चढाईलाच हपापलेले, परंतु डावा कोपरा उघडा; आणि गावकीच्या नात्याने पळसपाड्याचा हरएक पोरगा संदेशरावांचा मेहुणा लागतो, तेव्हा त्यांचा पाय ओढील ऐसा माणूस या गावात जन्मासच येणे नाही. बाहेरचा गडी आणावा तर चषकाचा कायदा कडक: एक गाव, एक संघ. मात्र कायद्यात एक खिडकी होती. गावचा जावई तो गावचाच गणावा, ऐसे पंचांनी पूर्वीच मान्य केले होते, कारण पंचही कोणाचे ना कोणाचे जावई.

तेव्हा जावयांची मोजदाद सुरू जाहली. पहिले नाव कल्याणकर जावयाचे निघाले. शरीर कमावलेले, दंड फुगीर, परंतु तो चढाईशिवाय काही जाणे ना. आणि जावयास "तुम्ही मागे कोपऱ्यात उभे राहा" ऐसे सांगावे कोणी? रुसला तर मुलीस त्रास. दुसरे नाव किन्हवलीकडील जावयाचे निघाले. हा धिप्पाड, कोपऱ्यावर उभा केला तर खांबच. परंतु सासुरवाडीस आला की आधी मटण लागे आणि मटणानंतर त्यास उठवील ऐसा तोफखाना परगण्यात नाही. ऐशी एकेक नावे काढून टाकता टाकता यादी संपली, आणि सारे धाकलूजींच्या तोंडाकडे पाहू लागले. जे नाव सर्वांच्या मनात होते ते कोणी घेईना.

ते नाव भिमाजीचे. धाकलूजींचे थोरले जावई, योगिनीचे यजमान, तानशाच्या धरणाकडील पाड्याचे राहणारे, आणि डाव्या कोपऱ्याचे असे घट्ट खेळाडू की एकदा धरले की शिट्टी वाजल्यावरही सोडण्यास विसरत. त्यांचे मंडळ बॅनरवर कोणाचा फोटो मोठा या थोर प्रश्नावरून फुटले होते, तेव्हा गडी सर्वस्वी मोकळा. वर ते संदेशरावांचे साडू! साडू म्हणजे बरोबरीचा सरदार. त्याने साडूचा पाय धुतलेला नसतो, आणि ओढला तरी कोणत्याही सासूस बोलण्यास जागा नाही. पुष्कळ घरांतून तो नित्याचा व्यवहार आहे.

परंतु भिमाजींची मर्जी खप्पा होती. स्नेहलच्या लग्नात मांडवात टॉवेल-टोपीचा मान सुरू जाहला तेव्हा माईकवरून आधी सरपंच पुकारले, मग माजी सरपंच, मग होऊ घातलेले सरपंच. आणि घरचा थोरला जावई पुकारला तोवर टॉवेल संपले. भिमाजी रिकाम्या डोक्याने व्यासपीठावर उभे राहिले आणि रिकाम्या डोक्यानेच उतरले. त्या दिवसापासून त्यांनी सासुरवाडीचा रस्ता सोडला, आणि योगिनीही आली नाही. दोन भाऊबिजा गेल्या. सुनिलराव ओवाळून घेण्यास तिकडे जाऊन आले, सकुबाई फोनवर रडून मोकळ्या होत, परंतु धाकलूजी म्हणत की सासऱ्याने जावयाची मनधरणी करावी हे कोठे लिहिले आहे? आणि हे म्हणताना ते नेहमी दुसरीकडे पाहत.

"मी नाय जायचा," धाकलूजी पारावर गरजले.

"नका जाव," सकुबाई विहिरीवरून येता येता बोलल्या. "पोर तिकडं मरू दे नि तुमचा कोपरा इकडं."

हा हुकूम बजावला गेला मात्र, दुसरे दिवशी पहाटेच्या एस्टीने धाकलूजी रवाना जाहले. संगे कोरा टॉवेल, पांढरी टोपी आणि एक जिता कोंबडा, ऐसा नजराणा. मुरबाडहून शहापूर, शहापुराहून जीप. कोंबड्याने कंडक्टरशी दोनदा तंटा केला, तो धाकलूजींनी अर्धे तिकीट काढून मिटविला. लोकांना विचारीत विचारीत उन्हे चढता पाड्यावर पोहोचले, तो भिमाजी पेंढ्याचे भारे रचीत होते. सासरा दिसताच त्यांनी एक भारा अधिक उंच रचला आणि त्यामागे तोंड केले.

तहाची बोलणी जाहली. भिमाजींनी कलमे घातली ती ऐशी: मैदानावर सर्वांआधी, सरपंचाआधी, आपले नाव माईकवरून पुकारावे, नावापुढे 'थोरले जावई' हा किताब लावावा, टोपी सासऱ्याने स्वहस्ते घालावी, आणि पकड करतेवेळी सासूबाईंनी मध्ये हुकूम सोडू नये. धाकलूजींनी पहिली तिन्ही कलमे तत्काळ मान्य केली. चौथे कलम मात्र आपल्या हुकुमतीबाहेरचे आहे, हे प्रामाणिकपणे कबूल केले. त्यावर भिमाजींना हसू आले, आणि ते पेंढ्यामागून बाहेर आले.

ऐसा तह मजबूत जाहला असे वाटून धाकलूजींनी पाण्याचा तांब्या तोंडास लावला, तोच योगिनी दारात येऊन उभी राहिली. बापाकडे पाहिले, टॉवेलाकडे पाहिले, कोंबड्याकडे पाहिले.

"कबड्डीसाठी आलंव ना, बाबा?"

धाकलूजींनी तांब्या तोंडावरून खाली घेतला.

"यांना टॉवेलाचा राग आला, त्यांचा त्यांना. मना टॉवेलाचा काय करायचा हाय? दोन वर्सांत तुमी एक फोन नाय केला. आई करतंय, सुनिल करतंय. तुमी मागं खाकरतंव, तां मना आयकू येतंय."

आता येथे कारभाऱ्यांनी काय जबाब दिला तो लिहिणे जड जाते. ज्या माणसाने पंचांपुढे, सरपंचापुढे, फार काय वीजबिलवाल्यापुढेही मान लवविली नाही, त्याने त्या ओट्यावर मान खाली घातली आणि तो तांब्याच्या कडेवर अंगठा फिरवीत राहिला. मग म्हणाला, "चुकला माझा, बाय." आणि मग म्हणाला, "खेलाला येव नका. कोनी येव नका. तू ये." हे ऐकून भिमाजींचा चेहरा पडला, कारण टोपी हातची जाते की काय ऐसे त्यांस वाटले, परंतु योगिनी डोळे पुसत आत गेली आणि कोंबड्याचे काय करायचे ते आतूनच विचारू लागली, तेव्हा सर्वांनी ओळखले की स्वारी निघणार.

मग युद्धाचा दिवस उजाडला. मैदान शेणाने सारवून, चुन्याच्या रेषा आखून, माईक दोनदा बिघडून तयार जाहले. सर्वांआधी थोरल्या जावयाचे नाव पुकारले, धाकलूजींनी टोपी घातली, ती कानापर्यंत उतरली, आणि सरपंचांनी तोंड वाकडे करून टाळ्या वाजविल्या. त्यानंतर जी लढाई जाहली तिचे वर्णन करू जाता कागद पुरणार नाही. पुन्हा अखेरचे युद्ध जांभूळखिंडकरांशीच पडले, पुन्हा शेवटची चढाई संदेशरावांची आली, आणि पळसपाड्यास एकाच गुणाची आघाडी. संदेशराव गतसालच्या वाटेनेच डाव्या कोपऱ्यात शिरले. तेथे मेहुणा नव्हता. तेथे साडू होता.

भिमाजींनी घोटा धरला. संदेशराव ओढू लागले, हातात हात धरलेल्या गड्यांची साखळी येऊन पडली, धूळ उडाली, आणि बायकांच्या गोटातून सकुबाईसाहेब उभ्या राहिल्या. धाकलूजींनी डोळे मिटले. एक जावई खाली, एक जावई वर, सकुबाईंनी तोंड उघडले, कोणाच्या बाजूने बोलावे ते कळेना, तेव्हा त्या कळवळून ओरडल्या, "दोगव जपून रे बाबांनो!" आणि पदर डोळ्यांवर ओढून खाली बसल्या. शिट्टी वाजली. भिमाजी सवयीने शिट्टीनंतरही सोडीनात, तेव्हा सुनिलरावांनी जाऊन त्यांची बोटे एकेक करून उकलली.

फत्ते जाहली. गुलाल उधळला, ढोल वाजू लागले, जयरामरावांनी चषक डोक्यावर घेतला. परंतु संदेशरावांचा घोटा मुरगळून सुजला, गाडीस किक मारवेना, जांभूळखिंड दूर; तेव्हा त्यांस उचलून जवळच्या घरी आणले, आणि जवळचे घर ते त्यांच्या सासऱ्याचे. मागोमाग स्नेहल धावत आली. योगिनी आधीच चुलीपाशी होती. आणि मग त्या घरात ऐसा प्रकार जाहला की धाकटा जावई खाटेवर पाय लांब करून कण्हतो आहे, थोरला जावई टोपी न काढता त्या पायास आंबेहळद लावतो आहे आणि "जोरात धरला काय रे?" म्हणून दर घटकेस विचारतो आहे, सकुबाई दोघांनाही रागे भरताहेत, आणि आत दोघी बहिणी भाकऱ्या कोणी थापायच्या यावरून कडाकडा भांडताहेत.

धाकलूजी ओटीवर एकटे बसून ते भांडण ऐकत होते. इतक्यात जयरामराव ढोल-ताशांसह दारी आले आणि अर्ज केला की कारभाऱ्यांनी मिरवणुकीच्या अग्रभागी चालावे, चषक हाती घ्यावा, सारा गाव वाट पाहतो.

"तुमी फिरा रे," धाकलूजी हलक्या आवाजात म्हणाले. "नि ढोल जरा तिकडं लांब वाजवा. पोरी बोलतान."

येणेप्रमाणे माघ मासी मौजे पळसपाडा येथील फौजेने डावा कोपरा राखून चषक जिंकला, तो मारुतीच्या देवळात ठेवला आहे, पाहणारांनी पाहावा. कारभाऱ्यांनी तो अद्याप पाहिलेला नाही. थोरली कन्या होळी करूनच सासरी जाईल ऐसे म्हणते, आणि तोवर कारभाऱ्यांचा पाय घरातून निघत नाही.