येमूल सरांचं रीडिंग

"आज फार उकडतंय" हे वाक्य सोलापुरात वर्षातले आठ महिने कुणीही कुणाला म्हणू शकतो. येमूल सरांना म्हणायची सोय नव्हती. ते जागच्या जागी थांबत, "मोजलं का तुमी?" असं दरडावून विचारत आणि शर्टाच्या खिशातून थर्मामीटर काढत. इतर मास्तर ज्या खिशात पेन ठेवतात त्या खिशात थर्मामीटर ठेवणारा हा माणूस आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. मी मराठी शिकवायचो आणि माझ्या दुर्दैवानं आम्ही एकाच बोळात राहायचो. दूधवाला म्हणाला, दूध दाट आहे, की "मोजलं का?" माझी बायको म्हणाली, गुडघा कालच्यापेक्षा बरा आहे, की "मोजलं का?" आता गुडघेदुखी काय तागडीत घालायची असते?

पंच्याहत्तर-शहात्तरच्या सुमारास या गृहस्थानं मज्जातंतूंचं खूळ घेतलं आणि बोळाला पळता भुई थोडी झाली. कॉलेजच्या लायब्ररीत बोटीनं येणारी, चार-चार महिने शिळी परदेशी मासिकं एकटे तेच वाचत. मग ते सगळं आमच्यावर ओतत. सलूनमध्ये माझी अर्धी दाढी झालेली असताना त्यांनी मला समजावलेलं अजून आठवतं.

"हे बघा, पेशी बसलीय पाठीच्या कण्याशेजारी. तिचा धागा आलाय पार बोटाच्या टोकापर्यंत. म्हणजे पेशी गावात आणि हात परगावात! तिकडं काय चाललंय ते तिला कळणार कसं? तर बोटाच्या कातडीतनं एक द्रव्य सुटतं. धागा ते उचलतो आणि आतल्या आत, उलट्या दिशेनं, पेशीपर्यंत ओढत नेतो. निरोप पोचला की पेशी म्हणते, आपली कुणाला तरी गरज हाय. माल तयार करती, पुढं धाडती, धागा वाढतो. पिल्लू अंड्यात असताना निरोप न्हाय मिळाला, तर पेशी मरून जाती. कोंबडीच्या पिल्लात बघितलंय लोकांनी!"

"आणि माणसात?" न्हावी वस्तरा थांबवून म्हणाला.

"माणसात काय वेगळं असतंय?" सर एवढे भडकले की न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला.

भडकण्याचं कारण बोळात सगळ्यांना ठाऊक होतं. सरांची थोरली बहीण, अक्का, विधवा झाल्यापासून त्यांच्याकडेच होती. तिनं विड्या वळून भावाला एमेस्सीपर्यंत शिकवलं होतं. बोळातल्या बायका म्हणत, अक्का अंधारात नुसत्या बोटांनी पानाचा ओलावा ओळखते. गेल्या पावसाळ्यात कंदिलाची काच घासताना ती फुटून अक्काच्या मनगटात घुसली. टाके पडले, जखम भरली, पण अंगठा आणि दोन बोटं बधिर राहिली. पान हातातून कधी निसटलं तेही तिला कळेना. डॉक्टर म्हणाले, "तुटलं ते तुटलं. आता सवय करा." येमूल सरांनी त्या डॉक्टरशी भर दवाखान्यात भांडण केलं. तुटलेला धागा दिवसाला मिलिमीटरभर वाढतो, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी अक्कानं डोळे मिटायचे आणि सरांनी मनगटापासून पुढं हळूहळू टिचक्या मारत जायचं. जिथं मुंग्या येतील तिथवर धागा आला. तिथं शाईच्या पेन्सिलीनं रेघ. जांभळ्या रेघांची शिडी अक्काच्या तळहातावर चढत होती आणि सर अक्काला घेऊन ती चौकातल्या पानवाल्यालासुद्धा दाखवून आले होते.

इथवर मी सगळं सोसलं. पण त्यांनी माझ्या मुलीला, सुनंदाला, प्रॅक्टिकलमध्ये झिरो दिला.

मी स्टाफरूममध्ये त्यांना गाठलं. ते म्हणाले, "बेडकाच्या हृदयाचे ठोके तीनदा मोजायचे होते. तिचा बेडूक दुसऱ्या रीडिंगनंतर मेला. मेलेल्या बेडकाचे बेचाळीस ठोके तुमच्या मुलीनं आणले कुठून?"

"लहान आहे हो. सरासरी काढून लिहिलं असेल."

"मराठीत चालत असेल सर तुमच्या. हितं खोट्या रीडिंगला झिरो. माझी सख्खी बहीण असली तरी झिरो!"

मराठीत चालत असेल! माझं डोकंच फिरलं. पोरगी दोन दिवस जेवली नव्हती. रविवारी सकाळी मी कमरेला धोतर खोचून, भांडायची पूर्ण तयारी करून त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

दार उघडंच होतं. अक्का डोळे मिटून पाटावर बसली होती, हात पुढं केलेला. सरांची माझ्याकडं पाठ होती. त्यांनी टिचकी मारायला बोट उचललं आणि खाली आणलंच नाही. तळहाताच्या वर, हवेतच धरून ठेवलं.

"आल्या मुंग्या?" त्यांनी विचारलं.

"व्हय, आल्या की," अक्का म्हणाली. "मागच्या बारीपेक्षा पुढं हायत."

सरांनी उचललेलं बोट तसंच मागं घेतलं. मग त्यांनी पट्टी ठेवली, सात मिलिमीटर मोजले आणि जांभळी रेघ ओढली. वहीतही आकडा लिहिला.

मला ओरडावंसं वाटलं. चोर सापडला होता, तोही मुद्देमालासकट! तेवढ्यात त्यांनी वळून मला बघितलं. "बसा, चहा टाकतो," म्हणाले आणि आत गेले.

अक्कानं डोळे उघडले. आतल्या स्टोव्हचा आवाज सुरू झाल्यावर ती माझ्याकडं झुकली.

"सर, त्याला सांगू नका. मला काय बी कळत न्हाय. पैल्यापास्नं न्हाय. पर मी न्हाय म्हटलं की त्यो ताटावरनं उठतो. लहानपणीबी असाच होता. म्हणून व्हय म्हणते मी."

मी कुणावर चिडायचं? डॉक्टरवर, मासिकांवर, त्या काचेवर? चिडलो मात्र होतो.

सर कपबशा घेऊन आले. अक्कानं हात पुढं केला. "सरांना दाखिव की रे, किती वाढलं ते."

सरांनी तिचा तळहात माझ्यासमोर धरला. जन्मभर पोरांच्या वह्यांत खोटं शोधणारा तो माणूस मी काय म्हणतो याची वाट बघत होता.

"सात मिलिमीटर," मी म्हणालो. "चांगलं वाढलंय."

"तुमचं काय काम होतं?" सरांनी विचारलं.

"काही नाही. सहज आलो होतो."

चहा संपेपर्यंत आमच्या तिघांपैकी कुणीच कुणाच्या तोंडाकडं बघितलं नाही.