आप्पांची तीन बाकडी

दौंडच्या आमच्या गल्लीतले आप्पा रिकामं बाकडं बघत बसायचे. मॅच बघावी तसे, समोरच्या ओट्यावरून.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी जुन्या फळ्यांची तीन बाकडी ठोकली आणि घरापासून बाजारापर्यंत वाटेत मांडली. पहिल्यावर कुणी बसेना. मी म्हटलं, "लोकांना विचारा की."

"इचारल्यावर माणूस गोड बोलतंय, बाई. बघावं लागतंय."

बघून बघून शोध लागला: बसलं की तोंड थेट कुणाच्या तरी मोरीकडे होत होतं. बाकडं फिरवलं. दुसऱ्यावर म्हाताऱ्यांचे पाय लोंबायचे. पाय कापले, बाकड्याचे. तिसऱ्याखाली रोज एक शेळी झोपायची. "म्हंजी सावली बराबर हाय," म्हणून आप्पा खूश.

"माणूस चुकत न्हाई, बाकडं चुकतंय," हे त्यांचं पालुपद.

त्यांच्या बायकोचे, इंदूकाकूंचे, गुडघे गेल्यापासून त्यांचं बाजाराला जाणं बंद होतं. वाटेत टेकायला लागलं असतं, आणि त्यांचं म्हणणं, "रस्त्यात एकटी बसायला मी काय भिकारीण हाय?" घरात बसून त्या करवादायच्या. त्यातून सुटायला आप्पांनी हे खूळ काढलंय, असं मला वाटे.

एका बाजाराच्या दिवशी आप्पांनी मला त्यांच्या दारासमोरच्या पहिल्या बाकड्यापाशी अडवलं. माझी कामं ठरलेली: दळण, रॉकेल, मग भाजी.

"बाई, जरा टेका."

"आप्पा, वेळ नाही हो!"

"म्हणूनच. तुमच्यासारखी कामाची बाई बसली, की बाकीच्या बसतील."

बसले. खरंच दोघी-तिघी येऊन टेकल्या, गप्पा रंगल्या. तेवढ्यात इंदूकाकू पिशवी घेऊन दारात आल्या.

"काय गं, समद्याच बसलाय व्हय?"

"या की काकू, सरकतो आम्ही."

पदर सावरत काकू टेकल्या. समोर आप्पा एकाएकी विजेच्या खांबाकडे निरखून बघू लागले. थोड्या वेळानं काकू उठल्या आणि बाजाराच्या दिशेनं निघाल्या.

मी दळण, रॉकेल उरकून परतले, तेव्हा काकू मेथीची जुडी घेऊन ओट्यापाशी उभ्या होत्या, आप्पांवर डाफरत.

"त्ये बाजाराजवळचं बाकडं हालतंय तुमचं!"

"हालतंय?" आप्पांचा चेहरा फुलला. "बसलीस व्हय तिथं?"

"मग? हुभी ऱ्हाऊ?"

"आत्ता ठोकतो," म्हणत आप्पा हातोडा आणायला आत गेले. बऱ्याच वेळानं नाक पुसत बाहेर आले. हातोडा आतच राहिला होता.