डेकला पाजलेलं तेल

मी मिस्त्र्याचा मुलगा आहे, हे ओटावातल्या प्रत्येक मराठी माणसाला मी एकदा तरी ऐकवलेलं आहे! माझे वडील, जनार्दन मिस्त्री, मालवणात चाळीस वर्षं होड्या बांधतायत. मी ओटावाच्या कनाटा उपनगरात सॉफ्टवेअर बांधतो, पण रक्त सुताराचंच! त्यामुळे २०१७ च्या मे महिन्यात आमच्या घरामागच्या लाकडी डेकवर, म्हणजे फळ्यांच्या उघड्या ओट्यावर, अळंब्या उगवल्या आणि बायको, नीलिमा, म्हणाली, "देवदत्त, कॉन्ट्रॅक्टरला फोन कर," तेव्हा मला हसूच आलं. कोळ्याला कोणी मासे विकत आणायला सांगतं का?

फोन मी केला, पण बाबांना. खरं सांगायचं तर त्यांना फोन करायला मला निमित्तच हवं असतं. आई गेल्यापासून ते एकटे. सहा वर्षं मी त्यांना इकडे बोलावत होतो. पासपोर्ट आणि व्हिसाही काढून दिला होता. दर वेळी उत्तर एकच.

"थंय येवन मी काय करू? बसान खाव?"

या वेळी मात्र बुरशीचं ऐकून त्यांचा आवाजच बदलला.

"होडयेक आम्ही उंडीच्या बियांचा तेल लावतंव. थंय काय गावता?"

"जवसाचं मिळतं, बाबा."

"चलात. थोडा कडूनिंबाचा घाल. लाकूड सुकव, तेल तापव, पातळ हात मार, आणि..."

"कळलं, कळलं! मुलगा कोणाचा आहे?"

आणि मी फोन ठेवला. ही पहिली चूक.

तेल तापव म्हणजे उन्हात ठेव, हे मला कसं कळणार? मी गणपतीच्या जेवणाचं सगळ्यात मोठं पातेलं काढलं, दोन्ही तेलं ओतली आणि गॅस मोठा केला. कडूनिंबाचं तेल कढलं की कसा वास सुटतो, ते मी सांगू शकत नाही. शेजारच्या मार्गारेट आजींनी सांगितलं, तेही थेट अग्निशमन दलाला! घरातला स्मोक अलार्म कोकलतोय, दारात लाल गाडी, आणि समोर सहा फुटी जवान.

"सर, व्हॉट आर यू कुकिंग?"

"माय डेक!" मी म्हणालो.

त्यानं नीलिमाकडे बघितलं. नीलिमानं आकाशाकडे.

आदल्या दिवशी पाऊस झाला होता, लाकूड ओलं होतं. पण लाँग वीकेंड संपत आलेला! थांबतो कोण? आणि पातळ हात? छे! एवढी कंजुषी कशाला? मी चार जाड हात मारले. डेक असा चमकला की त्यात तोंड बघून दाढी करावी!

फक्त तो वाळेना. आठवडा गेला, महिना गेला. कॅनडाच्या दीडशेव्या वाढदिवसाला आम्ही वीस माणसं बार्बेक्यूला बोलावली होती. माझा मॅनेजर हातात बर्गर घेऊन पुढे आला, त्याची सँडल मागेच राहिली. आमची सात वर्षांची अपूर्वा किंचाळली, "बाबा, द डेक इज ईटिंग माय क्रॉक्स!" पाहुणे गवतावर उभं राहून जेवले.

ऑगस्टपर्यंत डेक काळाकुट्ट. आत ओल कोंडलेली, वर तेलाची मेजवानी. बुरशी घालवायला गेलो आणि तिचं बारसं जेवायला घालून बसलो! लाजत लाजत बाबांना फोटो पाठवला. मिनिटभरात फोन आला.

"ह्यां काय केलंस, मेल्या? लाकूड हा ता! भजी तळलंस काय?"

मी पावसावर ढकलायला लागलो. त्यांनी मधेच तोडलं. मग म्हणाले, "तिकीट काढ."

सहा वर्षांत विनवण्यांनी झालं नाही, ते एका बुरशीनं केलं!

सप्टेंबरच्या शेवटी बाबा आले. विमानतळावर मी मिठी मारली, तर म्हणाले, "डेक खंय?" घरात पाऊल न टाकता थेट मागे गेले, गुडघ्यांवर बसले आणि फळीफळीत स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला. "तीन गेली. बाकीची वाचतली."

तीन आठवडे आम्ही दोघं खरवडत होतो. नायगारा त्यांनी बघितला नाही. लाकूड वाळवलं, तेल उन्हात ठेवलं, पातळ हात मारला. आणि फोनवर मी न ऐकलेलं ते शेवटचं वाक्यही कळलं: जास्तीचं तेल पुसून घे. पुसताना त्यांचा हात माझ्या हाताला लागायचा. लहानपणी ते पहाटेच होडीच्या कामावर जायचे, मी शाळेत. इतके दिवस सलग त्यांच्या शेजारी मी आयुष्यात बसलो नव्हतो. संध्याकाळी आम्ही पायरीवर चहा घ्यायचो. ऊन लवकर उतरायला लागलं होतं आणि मेपलची पानं एकेक करून, सावकाश गळावीत, असं मला वाटायचं.

"मार्चपर्यंत राहा ना, बाबा."

"काम झाला मरे."

विमानतळावर मी धीर करून विचारलं, "पुढच्या वर्षी याल?"

त्यांनी समाधानानं माझ्या खांद्यावर थाप मारली. "भिया नको. आता धा वर्षां त्या डेकाक काय होवचा नाय!"

दहा वर्षं! त्यांना वाटलं, मला दिलासा दिला.

हल्ली मी आमच्या लाकडी कुंपणाला रोज सकाळी पाणी घालतो. नीलिमाला सांगू नका. अजून एकही अळंबी उगवलेली नाही!