एक हॉट ज्युपिटर, साखर कमी!

यंदाच्या शाळा-महोत्सवात आमच्या खगोल क्लबात सभासदांची रीघ लागणार, हे मी पैजेवर सांगत होते! सध्या सभासद एकच. मी, कुसाका. मार्चमध्ये वरच्या वर्गातल्या ताया पास होऊन गेल्या, तेव्हापासून अध्यक्ष मी, चिटणीस मी आणि टाळ्या वाजवणारीही मीच. सगळे ठराव एकमताने पास होतात, हा एक फायदा! पण महोत्सव संपेपर्यंत दुसरी सभासद नाही मिळाली तर क्लब बंद आणि आमची खोली बँडवाल्यांच्या ढोलांना. नियम म्हणजे नियम.

मी घाबरते की काय! माझ्याकडे हॉट ज्युपिटर होता.

हॉट ज्युपिटर म्हणजे आपल्या ताऱ्याला अगदी खेटून फिरणारा अवाढव्य ग्रह. बाकीचे ग्रह कसे लांबूनच नमस्कार करतात. हा थेट मांडीवर! तारा त्याला भाजून काढतो, त्याची हवा उडवून लावतो, मान धरून त्याचं तोंड कायम आपल्याकडेच ठेवतो. आणि ग्रहही काही कमी नाही हं! तो ताऱ्याला ओढतो, ताणतो, जागच्या जागी डुलवतो. दोघांनाही एकमेकांपासून क्षणाची उसंत नाही. वाचून मला इतका हेवा वाटला, काय सांगू!

बेत असा: पिवळा रेनकोट घालून मी तारा होणार, येणारा पाहुणा ग्रह. टॉवेलची दोन टोकं धरून गरगर फिरायचं. एकदा फिरला की सभासद झालाच समजा! जिन्यात मी ही मोठी पाटी लावली: ‘आज खास! हॉट ज्युपिटर! तिसरा मजला!’

आता, आमच्याकडे हॉटेलात बसून नुसतं “एक हॉट” म्हटलं की गरम कॉफी येते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पाटी लिहिताना नेमकं मलाच आठवलं नाही!

दार उघडलं, तर बाहेर रांग! माझे डोळेच भरून आले. पहिले आजोबा ऐटीत खुर्चीवर बसले.

“पोरी, एक हॉट ज्युपिटर. साखर कमी.”

“आजोबा, तो ग्रह आहे.”

“असेल. हल्ली काहीही नावं ठेवतात. गरम आहे ना?”

“हजार अंशांच्या वर!”

“मग फुंकून पिईन.”

खरं सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर रांग गेली असती ना! एप्रिलपासून त्या खोलीत माझ्याशिवाय कुणी शिंकलंसुद्धा नव्हतं. मी माझ्या थर्मासमधला जवाचा चहा कपात ओतला.

“हा तर साधा जवाचा चहा!”

“बाकीचं सगळं ताऱ्यानं उडवून लावलं, आजोबा!”

मागून एक काकू ओरडल्या, “एवढा मोठा ग्रह आणि कप एवढासा?”

“लांबून बघताय ना, काकू!”

थर्मास संपला. मी किटलीत पाणी तापवायला ठेवलं. कुणीतरी सूपही मिळतं अशी आवई उठवली, आणि रांग जिन्यापर्यंत गेली! “आधी माझ्याबरोबर एक फेरी तरी मारा ना!” म्हणत मी एका काकांपुढे टॉवेल धरला. काकांनी त्याला शांतपणे हात पुसले आणि मेन्यू मागितला.

एवढ्यात रांगेतून एक मुलगी पुढे आली. शेजारच्या वर्गातली, ज्युदो क्लबची इवाकिरी. दंड असे, की बाहीला धाप लागावी!

“मला कॉफी नको,” ती म्हणाली. “फिरायचंय.”

मी तिला मिठीच मारणार होते! “तारा जड असतो, तो जागच्या जागी थोडासाच डुलतो,” मी समजावलं. “तू बिनधास्त ओढ!”

तिनं बिनधास्त ओढलं.

पहिल्या फेरीत माझा बूट गेला. दुसरीत पाय गेले. पुढच्या फेरीत टॉवेल सुटला आणि तारा टेबल, कप, काकू असं सगळं पार करून थेट व्हरांड्यात! रांग क्षणात पांगली. आजोबा तेवढे कप सांभाळून बसले होते.

इवाकिरी धावत आली. वाटलं, माफी मागेल.

“काय सुंदर पडलीस गं! मान आत, हात जमिनीवर! कुणी शिकवलं?”

“कुणी नाही.”

“आमच्यात ये ना.”

“अगं, मीच तुला विचारणार होते! आमच्यात ये!”

पंचाईत! आमच्या शाळेत एका मुलीला एकच क्लब.

“तुमच्यात कितीजणी आहेत?” मी विचारलं.

“मी.” ती बाहीशी चाळा करत म्हणाली. “रोज एकटीच पडते, एकटीच उठते. आपटायला कुणी नाही गं.”

मी सांडलेला चहा पुसायला लागले. तीही शेजारी बसून पुसू लागली. काम आटपलं की आम्ही एकमेकांना “दमलीस गं” म्हणतो, रीतच आहे. गेले कित्येक महिने मी ते दुर्बिणीला म्हणत होते. इवाकिरी टॉवेल पिळता पिळता सहज म्हणाली, “दमलीस गं.” मी पुसलेलीच फरशी पुन्हा पुसली. डाग राहिला असेल.

तेवढ्यात विद्यार्थी मंडळाची हिराबायाशी आली. “काय गं, मिळाली का नवीन सभासद?”

मी तोंड उघडायच्या आत इवाकिरीनं माझ्या खांद्यावर हात टाकला. खांदा खाली गेला.

“मिळाली!” ती म्हणाली. “आमच्या ज्युदोला, ही!”

नाही म्हणायला एवढा वेळ होता, पण मी तिच्या हाताखालून खांदा काढला नाही. कोपऱ्यात दुर्बीण एकटीच उभी होती, माझ्याकडे पाठ करून.

ओढ दोन्ही बाजूंनी असते, हे मी दिवसभर घसा फोडून सांगत होते. कोण कुणाकडे जाऊन पडतं ते वजनावर ठरतं, एवढंच सांगायचं राहिलं!