हिरीशी बोलनारं इनूसचाचा

इनूसचाचा हिरीत औषध टाकायच्या आदी हिरीशी बोलायचं. हसू नगा, म्या माज्या कानांनी ऐकलंय. कठड्यावर पालथं पडायचं, डोकं आत घालायचं आन म्हनायचं, "बाई, कडू हाय, पन घे. तुज्याच लेकरांसाठी हाय." मग जरा थांबायचं, जनू हीर आतनं उत्तर देनार हाय. मग मान हलवायची, बादलीत ती जांभळी पूड कालवायची, बादली आत सोडून हिसळायची, की झालं, समदं पानी जांभळाच्या रसावानी लाल.

पटकीची साथ आली की सरकार त्यांना धाडायचं. कर्जतकडनं पायी यायचं, खांद्याला पत्र्याचा डबा, हातात गाठी मारल्याली दोरी. दोरी सोडून हिरीचं पोट मोजायचं. मानूस रामराम करतो, चाचा म्हनायचं, "हात दाव." दावलं की वास घ्यायचं! पाटलाच्या बी हाताचा वास घ्यायचं. एकदा गावात पोरगी बघायला पावनं आलं, पोहं पुढ्यात आलं, आन चाचा दारातनं वराच्या बापाला इचारत्यात, "पावनं, सकाळी टमरेल घिऊन गेल्ता, मग राखंनं हात घासलं का न्हाई?" सोयरीक मोडता मोडता ऱ्हायली.

आन एक बोल त्यांच्या तोंडात कायम. कोन म्हनालं, चाचा, पान्यात किडं कुठं दिसत्यात? की म्हनायचं, "दिसत न्हाई म्हनून न्हाई व्हय?" ह्या बोलाचा लोकांनी पार खेळ केल्ता. कोन म्हनायचं, तलाठी चावडीत दिसत न्हाईत, की पोरं वरडायची, "दिसत न्हाई म्हनून न्हाई व्हय?" चाचा बी हसायचं.

पन त्या साली कोन हसत न्हवतं. आमच्या आळीतली तीन मानसं दोन दिसांत गेली. सकाळी धुनं धुताना बोलल्याली बाई दिवेलागनीला न्हाई. आमचं हे लढाईवर, पल्टनीत, चार म्हैनं कागद न्हाई. घरात मी, सासूबाई, त्यांना आमी आत्याबाई म्हनतो, आन माजी मंजी, धा म्हैन्यांची. मी मराठी दुसरीपतुर शिकल्याली, मला काय कळतंय? रोज उठून आदी मंजीच्या नाकाशी हात धरायची, श्वास चालतोय का बघायची, मगच चूल पेटवायची.

तशात दवंडी पिटली, उद्या हिरीत औषध पडनार. आता आमच्या गावची रीत सांगते. दवंडी झाली की समद्या बाया हंडं, घागरी, कळशा घिऊन हिरीवर पळायच्या. का? औषध पडायच्या आदी गोडं पानी भरून ठिवायला! लाल पान्यानं भाकर तांबडी हुती, डाळ शिजत न्हाई, आन अंगावर पाजनारीचं दूध आटतं, असं समद्या म्हनायच्या. म्या बी पळाले. चार खेपा केल्या. रांजन भरला, घागरी भरल्या, मंजीला न्हानायचं घंगाळ बी भरलं.

चाचाला ही रीत ठावं हुती. हिरीचं काम झालं की ते दारोदार फिरायचं. भांड्याला शिवायचं न्हाईत, हिंदूच्या घरचं पानी, चाल न्हाई म्हनून. अंगनात फतकल मारून बसायचं. "पोरी, तूच वत. मी नुसतं बघतो."

आत्याबाई उंबऱ्यात हुभ्या. "मेल्या, माज्या सुनंच्या चार खेपा झाल्यात!"

"पाचवी बी हुईल, पारूआक्का."

"तुजं काय जातंय? मान मोडून पानी आमी आनायचं!"

"माजं काय जात न्हाई, आक्का. जानार ते तुमचंच. वता."

"आन न्हाई वतलं तर?"

"तर मी बसलोय. सकाळच्याला भाकर खाल्लीया, उद्यापतुर भूक न्हाई."

वतलं की हो. रांजन वतला, घागरी वतल्या, घंगाळ वतलं, अंगनात चिखल झाला. पन म्या एक तांब्या आदीच उतरंडीच्या खालच्या मडक्यात दडवल्याला, वर मिठाचं मडकं. मंजीपुरता. माज्या मनात एकच भ्या, दूध आटलं तर ही जगायची कशी? आत्याबाईला बी सांगितलं न्हाई. चाचा जाताना म्हनालं, "समदं वतलं का, पोरी?" म्या म्हनाले, व्हय.

दोन दिस मंजीला त्यातलंच चमच्यानं पाजलं. तिसऱ्या दिशी न्याहारीच्या टायमाला तिला ढाळ झाली. मग परत, मग परत. तांदळाच्या धुवनावानी, पांढरी, नुसतं पानी. दुपार व्हायच्या आत पोरीचं डोळं खोल गेलं, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी ऱ्हायली. रडत बी न्हवती. रडत न्हाई ह्याचंच मला लई भ्या वाटलं.

आत्याबाई म्हनाल्या, "तोंड मिटून बस. कळलं तर सरकारी मानसं गावाभाईर झोपडीत न्हेत्यात. तिकडनं माघारी कोन आलंय?"

पन मला बसवंना. पोरीला पदरात गुंडाळलं आन भर उन्हात पळाले. चाचा खालच्या आळीच्या हिरीवर हुतं. म्या त्यांच्या पायाशी बसले आन एका दमात सांगितलं, "चाचा, म्या खोटं बोलले, म्या पानी दडवलं, म्या माज्या हातानं पाजलं."

मला वाटलं आता शिव्या घालत्यात. त्यांनी दोरी तिथंच टाकली. म्हनालं, "चल."

आन चाचा आमच्या घरात आलं. थेट आत, चुलीपतुर! आत्याबाई वरडल्या, "आगं चुलीला शिवला की गं ह्यो!" चाचानं वर बघितलं न्हाई, लाकडं सारत म्हनालं, "तांदूळ हाय का घरात?" आमच्याकडं बाजरी, तांदूळ सनासुदीला. आत्याबाई गेल्या, आपल्या पेटीतनं फडक्यात बांधल्याला पसाभर तांदूळ घिऊन आल्या, लेकाच्या माघारी येन्यासाठी जपल्याला. आन चाचाच्या पुढ्यात आपटून म्हनाल्या, "शिवलास तर शिवलास. आता जाळ तरी नीट घाल, धूर व्हतोय!"

पानी खळखळा उकळलं, पातळ पेज केली, मीठ घातलं, निवू दिली. चाचानं मांडी घातली, मंजीला घेतलं आन शिंपल्यानं पाजाय लागलं. एक थेंब. थांबायचं. परत एक थेंब. ती वकायची. चाचा तोंड पुसायचं, परत थेंब. म्या म्हनाले, चाचा, ऱ्हात न्हाई हो पोटात. म्हनालं, "दहा घालू, दोन ऱ्हातील. तू दुपटं बघ, वलं हाय का? मुतली की जगली."

ढाळ थांबली, पन दुपटं कोरडं. घटकेघटकेला इचारायचं, "मुतली का?" न्हाई. "आता बघ." न्हाई. उन्हं भिताडावर चढली. पन चाचाच्या शिंपल्यातला थेंब कवा सांडला न्हाई. आत्याबाई भिताडाला टेकून देवाचं नाव घेत हुत्या. मी हात लावून लावून दुपटं बघत हुते. म्या मनातल्या मनात मंजीला म्हनत हुते, एकदाच गं, एकदाच.

दिस कलायला लागला आन चाचा एकदम थांबलं. हातातला शिंपला तसाच. मला वाटलं, गेली.

"पारूआक्का," चाचा म्हनालं, "मुतली." मग वरडलंच, "मुतली गं पोरगी! माज्या धोतरावर मुतली!"

आत्याबाई हसत्यात का रडत्यात कळंना. मंजीनं बारीक टाहो फोडला, मांजरीच्या पिलावानी, आन माज्या अंगावरची चोळी दुधानं वली झाली. म्या तांब्या घिऊन धावले. "चाचा, उठा, धुवून घ्या, वलं झालंय समदं."

"असू दे," ते म्हनालं. "बस जरा." मंजीच्या पायावरनं हात फिरवत हुतं. मग लई हळू म्हनालं, "आमची लेक जैबू बी अशीच मांडीवर हुती. दोन दिस वाट बघितली मी, पोरी. धोतर कोरडंच ऱ्हायलं."

म्या तांब्या खाली ठिवला. मंजी दुधासाठी रडत हुती, तरी म्या तिला त्यांच्या मांडीवरनं लगीच उचलली न्हाई.