डीनसाहेबांचा रविवारचा डबा

डीनसाहेबांना "आज उकडतंय" एवढं म्हटलं तरी ते भुवया चढवून विचारतात, "कशावरून?"

देवासच्या एका लॉ कॉलेजचे हे डीन, वासुदेवराव टेंबे, आमच्या शेजारी राहतात. मूळचे धारचे, घराणं संस्थानच्या नोकरीतलं. आधी ते धारच्या कोर्टात वकिली करत. तिथे म्हणे स्वतःच्याच अशिलांची उलटतपासणी घेत. अशील पळाले आणि साहेब शिकवण्याकडे वळले. विषय अर्थातच पुराव्याचा कायदा. लग्न केलं नाही. मुलगी चांगली आहे म्हणणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी "कशावरून?" विचारलं, आणि मध्यस्थ थकले.

मला सांगलीकडून इथल्या कारखान्यात येऊन बरीच वर्षं झाली, पण साहेबांच्या लेखी मी अजून संशयितच आहे. सत्यनारायणाचा प्रसाद दिला तर आधी हुंगतात. कुलूप लावून फाटकापर्यंत जातात, परत येऊन ते ओढून बघतात, आणि मग मी बघत होतो का, हेही बघतात.

एकदा माझ्यासमोर एक विद्यार्थी त्यांच्याकडे सुट्टी मागायला आला.

"सर, दादी नहीं रही."

"पिछले सेमेस्टर में जो नहीं रही थी, वो कौन थी?"

"वो... नानी थी, सर."

"कशावरून?" साहेबांनी सवयीनं मराठीत विचारलं. पोरगा सुट्टी न घेताच गेला.

अशा माणसावर संशय घ्यायची संधी कोण सोडेल? दर रविवारी सकाळी साहेबांच्या स्वयंपाकघरातून गोड सांज्याचा, तूप-वेलचीचा वास येई, आणि ते डबा छातीशी धरून धारला निघत. कोणाकडे जातात, ते मात्र सांगत नसत.

"बाई आहे," आमची ही म्हणाली.

"कशावरून?"

"सांज्यावरून!"

शेवटी एका रविवारी मीही त्यांच्या मागोमाग बस पकडली आणि मागच्या सीटवर पेपरआड लपलो. धारला उतरतो तर साहेब समोर उभे.

"पाठलाग करताय, भिया?" इकडे भाऊला "भिया"च म्हणतात.

"छे! कशावरून?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ते हसले. त्यांना हसताना मी प्रथमच पाहिलं. "चला. नाहीतर वहिनींना काहीबाही सांगाल. प्रत्यक्षच बघा. ऐकीव पुरावा मला चालत नाही."

एका गल्लीतल्या खोलीत खाटेवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते साहेबांचे थोरले बंधू, दादा. वडिलांच्या मागे त्यांनीच साहेबांना शिकवून वकील केलं होतं. आता त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. सांभाळायला खरंच एक बाई होती, सत्तरीची.

"दादा, मी वासू."

"कशावरून?" दादा म्हणाले.

साहेब शांतपणे सांगू लागले. आईचं माहेरचं नाव सांगितलं. हनुवटीवरची जुनी खूण दाखवली. लहानपणी विहिरीत पडलो तेव्हा तुम्हीच काढलंत, म्हणाले. दादा नुसती नकाराची मान हलवत होते. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली आणि चेहरा एकदम खुलला.

"वासू! आलास रे! आणि हा कोण उपटसुंभ?"

"अहो, मी नाही, मी तर..." मी सुरुवात केली. साहेबांनी माझा खांदा दाबला.

"मी वकील आहे. वासूबरोबर आलोय," ते दादांना म्हणाले. मग डबा माझ्या हातात देऊन हळूच म्हणाले, "तुम्ही भरवा. माझ्या हातून खात नाहीत, विष असेल म्हणतात. मी गेल्यावर बाई भरवते."

दादांनी माझा एक हात घट्ट धरून सगळा सांजा खाल्ला. साहेबांच्या डोळ्यांदेखत खोटी साक्ष चालली होती, आणि जन्मभर कोणाचं काही खरं न मानलेला तो माणूस भिंतीशी उभा राहून ती मान्य करत होता. मला फार वाईट वाटलं. पाळत ठेवायला आलो होतो, याची लाजही वाटली.

परतीच्या बसमध्ये साहेब माझ्या शेजारी बसले. मग म्हणाले, "दादांनी हात धरला होता ना तुमचा? कोणता?"

मी डावा हात पुढे केला. त्यांनी "कशावरून?" विचारलं नाही. वाटेतलं इंदूर येईपर्यंत तो धरून बसले.